समायोजन विकाराची चाळणी: आधी तारीख विचारा

नोकरी गेली, घटस्फोट झाला, बँकेची जप्तीची नोटीस आली आणि त्यानंतर माणूस सावरतच नाही. हे नुसतं टेन्शन की समायोजन विकार, म्हणजे ताणाच्या घटनेशी जुळवून घेता न येण्याचा आजार, इंग्रजीत अ‍ॅडजस्टमेंट डिसऑर्डर, याची पहिली चाळणी समुपदेशक किंवा फॅमिली डॉक्टर लावू शकतात. निदान मात्र मनोविकारतज्ज्ञांवर सोडावं.

सुरुवात लक्षणांनी करू नका, तारखेनं करा. आयसीडी-११ या जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणानुसार त्रास घटनेनंतर साधारण महिनाभरात सुरू होतो, डीएसएम-५ ही अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांची निदान-पुस्तिका तीन महिन्यांपर्यंत धरते. लोकांना तारखा आठवत नाहीत, सण आठवतात. म्हणून विचारा, "कामावरून काढलं ते गणपतीच्या आधी की नंतर? आणि झोप कधीपासून उडाली?" दोन्ही उत्तरं कागदावर एका रेघेवर मांडा. झोप नोकरी जाण्याच्या वर्षभर आधीच उडालेली निघाली, तर जुनं नैराश्य, थायरॉइड, दारू यांच्याकडे बघायला हवं.

बरेच जण घटना सांगतच नाहीत. छातीत धडधडतं, डोकं दुखतं, पित्त होतं, एवढंच सांगतात. तेव्हा यादी वाचून दाखवा: पैसा, काम, शिक्षण, घर, नाती, स्वतःचं आजारपण, जवळच्याचं आजारपण, कुणाची शुश्रूषा, आणखी काही.

मग आयएडीक्यू ही समायोजन विकाराची छोटी प्रश्नावली घ्या. तिच्यात लक्षणांचे सहा प्रश्न आहेत, प्रत्येकाला ० ते ४ गुण. पहिले तीन डोक्यात तेच तेच फिरण्याबद्दल: काळजी वाढली का, विचार थांबत नाहीत का, पुढं काय होईल याची धास्ती वाटते का. उरलेले तीन जुळवून घेणं, निवांत होणं आणि मनाला शांतता मिळणं कठीण झालंय का, याबद्दल. दोन्ही गटांत किमान एकेका प्रश्नाला २ किंवा जास्त गुण हवेत, शिवाय कामात, नात्यांत किंवा इतर व्यवहारांत अडथळाही तितकाच हवा. बेरीज करत बसू नका.

चूक बहुधा एका शब्दात होते. "घटना झाल्यापासून" हे गाळून नुसतं "काळजी वाटते का?" विचारलं, की जन्मापासून काळजी करणारेही यादीत येतात. दुसरी गोष्ट, नवरा किंवा सासू शेजारी बसली असेल तर उत्तरं त्यांची मिळतात. एकट्यानं बोलू द्या.

सोबत पीएचक्यू-९ ही नैराश्याची नऊ प्रश्नांची प्रश्नावली भरून घ्या. १० किंवा जास्त गुण आले तर नैराश्याची नीट तपासणी हवी. नैराश्याचे निकष पूर्ण होत असतील तर समायोजन विकार म्हणायचं नाही. घटना जिवावरची होती आणि तीच पुन्हा डोळ्यांपुढं घडते आहे असं वाटत असेल, तर पीटीएसडीचा, म्हणजे भयंकर घटनेच्या आघातानंतरच्या विकाराचा विचार करा. जवळचं माणूस गेल्याचं नेहमीचं दुःख समायोजन विकारात धरत नाहीत.

पीएचक्यू-९ मधला नववा प्रश्न जीव नकोसा होण्याचा. तिथं शून्याखेरीज काहीही आलं तर थेट विचारा, "जीव द्यायचा विचार येतो का? कसा, ते ठरवलंय का?" विचारल्यानं तो विचार डोक्यात भरत नाही. उत्तर हो असेल तर एकटं सोडू नका, घरातली कीटकनाशकं आणि गोळ्या हलवा, त्याच दिवशी तज्ज्ञांकडे न्या. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक १४४१६.

बाकीच्यांना दोन-चार आठवड्यांनी पुन्हा बोलवा आणि आयएडीक्यू पुन्हा घ्या. समायोजन विकार सहा महिन्यांत ओसरतो असं धरतात, पण ही मुदत घटना घडल्या दिवसापासून मोजू नका. ताण आणि त्याचे परिणाम संपल्यावर ती सुरू होते. कोर्टात तारखा पडत असतील तोवर ताण संपलेला नसतो.