सह्याद्री आणि कोकणासाठी हलकी स्लीपिंग बॅग कशी निवडायची

स्लीपिंग बॅग घ्यायला गेलं की पहिला प्रश्न असतो किती डिग्रीची, आणि आपल्याकडचे बरेचजण पुढेमागे हिमालयात जायचंच आहे म्हणून सरळ झिरो नाहीतर मायनस पाचवाली उचलतात. ती मनालीला छान चालेल, पण मार्चमध्ये राजगडावर तिच्यात शिरलात तर मध्यरात्रीच घामाने भिजणार आणि मग पहाटेच्या वाऱ्यात त्याच ओल्या टीशर्टवर कुडकुडत बसणार. आपल्याकडे खरा त्रास घामाचा आणि दमटपणाचा आहे, थंडी वर्षातले दोनेक महिने, तीही बहुतेक वेळा सोसेल इतकीच. म्हणून माझं स्पष्ट मत आहे, बॅग किती गरम आहे यापेक्षा ती किती उघडते आणि किती लवकर वाळते हे आधी बघा.

लेबलवर कम्फर्ट, लिमिट आणि एक्स्ट्रीम असे तीन आकडे असतात. कम्फर्ट म्हणजे साधारण बाई सैल अंगाने निवांत झोपू शकेल ते तापमान, लिमिट म्हणजे साधारण पुरुष अंग आकसून कशीबशी रात्र काढेल ते, आणि एक्स्ट्रीम फक्त जीव वाचवण्यापुरतं. काही दुकानदार यातला सगळ्यात कमी आकडा मोठ्याने सांगतात, तुम्ही मात्र कम्फर्टच विचारा. आपल्याकडे कम्फर्ट १५ ते २० डिग्री बहुतेक ट्रेकला पुरतं. उंचीचा हिशोबही धरा, दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा डिग्रीने उतरतं, म्हणजे १६४६ मीटरच्या कळसूबाईवर समुद्रसपाटीपेक्षा दहाएक डिग्री कमी, वर वारा वेगळा. डिसेंबर-जानेवारीत हरिश्चंद्रगडावर मुक्काम असेल तर १० डिग्री कम्फर्टवाली घ्या किंवा २० वालीच घेऊन आत लायनर, म्हणजे बॅगेच्या आत घालायची पातळ कापडी पिशवी, आणि अंगात फ्लीस, म्हणजे मऊ उबदार जॅकेट, घाला. मी दुसरा मार्गच सांगेन, कारण तीच बॅग मग एप्रिलमध्ये पण कामाला येते.

आता आत काय भरलंय ते. डाऊन म्हणजे पिसं, वजनाला हलकी, दाबली की मुठीएवढी होतात, पण ओली झाली की गोळा होऊन बसतात आणि ऊब जवळजवळ संपते, शिवाय वाळायला फार वेळ. आपल्याकडे पावसाळ्यात हवाच ओली, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये दव पडून तंबू आतूनही भिजतो, त्यामुळे इथे सिंथेटिकच घ्या, थोडी जड आणि फुगीर असते पण ओली झाली तरी बरीच ऊब धरते आणि ऊन मिळालं की भराभर वाळते. पातळ भरावाची एक किलोच्या आतली सहज मिळते.

झिप हाताने चालवूनच बघा, पूर्ण लांबीची आणि दोन्ही टोकांकडून उघडणारी हवी, म्हणजे गरम झालं की पायाकडून उघडता येते आणि आणखी उकडलं तर अख्खी पसरून पांघरूण म्हणून घेता येते. म्हणूनच आयताकृती बॅग बरी, ममी आकाराची, म्हणजे पायाकडे निमुळती होत जाणारी, थंडीत चांगली पण उकाड्यात पाय हलवायलाही जागा नाही. आतलं कापड उघड्या हाताला लावून बघा, काही नायलॉन घामाने अंगाला अक्षरशः चिकटतं.

कोकणात किनाऱ्यावर मे महिन्यात झोपणार असाल तर खरं सांगायचं तर बॅग नेऊच नका. सिल्कचा लायनर किंवा आईची जुनी सुती साडी, खाली फोमची मॅट आणि वर मच्छरदाणी एवढं बास. सिल्कचा लायनर दीडशे ग्रॅमच्या आसपास असतो, पटकन वाळतो आणि घाम बॅगेला लागू देत नाही म्हणून बॅग सारखी धुवावी लागत नाही. सुती स्वस्त आणि मऊ असतं पण घाम पिऊन बसतं, दोन रात्रींचा ट्रेक असेल तर दुसऱ्या रात्री ओलसर लागतं. मॅट मात्र कुठेही सोडू नका, गुहेतला दगड थंडीत अंगातली सगळी ऊब ओढतो, आणि अंगाखाली दाबलेला बॅगेचा भराव त्यावेळी काहीच उपयोगाचा नसतो.

घरी आल्यावर बॅग त्याच दिवशी उलटी करून वाळत टाका, कोरडी दिसली तरी. पिशवीत कोंबून माळ्यावर टाकली तर जुलैपर्यंत बुरशीचा वास येणार आणि दाबून राहिल्याने भरावही बसणार, त्यामुळे कपाटात हँगरला लटकवा किंवा मोठ्या सुती पिशवीत सैल ठेवा. धुताना साधं सौम्य लिक्विड वापरा, फॅब्रिक सॉफ्टनर अजिबात नको, आणि पिळू नका, नुसतं दाबून पाणी काढा.