व्हिडिओ गेमच्या धुनेचा डान्स रिमिक्स कसा करावा

या विषयावर सर्रास मिळणारा सल्ला असा असतो: गेमची धून इंटरनेटवरून उतरवून घ्या, सॉफ्टवेअरमध्ये ती १२८ बीपीएमपर्यंत (मिनिटाला १२८ मात्रांपर्यंत) ताणा, खाली चारही मात्रांवर किक (जाड ढोलाचा ठोका) ठेवा, की झाला रिमिक्स. गेली बारा वर्षे मी हे काम करतो आहे आणि अशा रीतीने बनवलेला एकही ट्रॅक नाचणाऱ्या लोकांसमोर टिकलेला मी पाहिलेला नाही. लोकांना धून लगेच ओळखू येते, ते आनंदाने ओरडतात, मोबाइल वर धरतात आणि अर्ध्या मिनिटात पुन्हा आपापसांत बोलू लागतात. दोष आवाजांच्या निवडीत शोधला जातो, पण तो बहुतेक वेळा लयीत असतो. म्हणून या लेखातला मोठा भाग मी लयीला दिला आहे. सॉफ्टवेअर कोणते घ्यावे, हेडफोन कोणता घ्यावा, यात मी वेळ घालवत नाही. एफएल स्टुडिओ, एबलटन लाइव्ह किंवा रीपर यांपैकी जे तुमच्या हाताला सवयीचे आहे तेच वापरा.

धून निवडणे

अशी धून निवडा जी तुम्ही डोळे मिटून गुणगुणू शकता आणि जिच्यात एक-दोन बारांचा (बार म्हणजे मात्रांचा एक गट, नाचाच्या संगीतात चार मात्रांचा), स्वतःच्या पायावर उभा राहणारा तुकडा आहे. या लेखासाठी मी गेम बॉयवरील १९८९ च्या टेट्रिसमधली ‘ए’ धून उदाहरण म्हणून घेतो, कारण ती मुळात ‘कोरोबेइनिकी’ हे एकोणिसाव्या शतकातले रशियन लोकगीत आहे आणि तिची मूळ चाल कोणाच्या मालकीची नाही. मारिओच्या धुनेचे तसे नाही. कोजी कोंडो यांची ती रचना १९८५ ची आहे आणि आपल्याकडच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात रचनेवरचा हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतरही ६० वर्षे टिकतो. धून स्वतः पुन्हा वाजवून घेतली की ध्वनिमुद्रणाच्या हक्काचा प्रश्न सुटतो, रचनेच्या हक्काचा सुटत नाही. घरी शिकण्यासाठी कोणतीही धून घ्या, पण ट्रॅक विकायचा असेल तर आधी परवानगीचे पाहा.

सूर उतरवून घेणे

तयार ध्वनिफीत ताणू नका. आठ-बिटी यंत्रात एका वेळी वाजू शकणारे आवाज मोजके असत. निन्टेंडोच्या घरगुती यंत्रात दोन पल्स (चौकोनी लहरीचे), एक ट्रँगल (त्रिकोणी लहरीचा), एक नॉइज (खरखरीचा) आणि छोट्या नमुन्यांसाठी एक, असे पाचच चॅनेल होते. त्यामुळे संगीतकार एकाच चॅनेलवर तीन स्वर सेकंदाच्या साठाव्या भागाइतक्या वेगाने आळीपाळीने वाजवून कॉर्डचा (एकत्र वाजणाऱ्या स्वरांचा) भास निर्माण करीत. हा भास सॉफ्टवेअरने ताणला की त्याची खरखर होते, आणि ती नंतर कोणत्याही इक्वलायझरने जात नाही. त्याऐवजी यंत्राच्या मूळ संगीताची एनएसएफ फाइल अशा प्लेअरमध्ये लावा, ज्यात एकेक चॅनेल बंद करता येतो, आणि प्रत्येक चॅनेल एकटा ऐकून स्वर कीबोर्डवर स्वतः वाजवा. गेम बॉयच्या संगीतासाठी याच प्रकारची जीबीएस फाइल असते. हार्मोनिअमची सवय असेल तर एका संध्याकाळचे काम आहे.

लय आणि सम

इथे मी स्वतः दोन वर्षे अडकलो होतो, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट वेगाची. त्या काळच्या यंत्रांत संगीतासाठी सहसा वेगळे घड्याळ नसे. पडद्यावरचे चित्र एकदा बदलले की संगीत एक पाऊल पुढे सरकत असे. जपान आणि अमेरिकेतील निन्टेंडोच्या यंत्रात हे सेकंदाला सुमारे ६०.१ वेळा होते. म्हणजे स्वरांची लांबी फ्रेमच्या, म्हणजे पडद्यावरच्या एकेका चित्राच्या, पूर्णांकातच मोजली जाते. पाव मात्रा सहा फ्रेमची असेल तर पूर्ण मात्रा २४ फ्रेमची होते आणि वेग येतो १५०.२५ बीपीएम. पाव मात्रा सात फ्रेमची असेल तर वेग येतो सुमारे १२८.८. मूळ ध्वनिफितीवर काम करणारे लोक इथे १५० किंवा १२९ असा सरळ आकडा टाकतात आणि नंतर किक ‘सैल’ का वाटते म्हणून डोके धरून बसतात. मीही तेच केले होते. १५० आणि १५०.२५ यांतला फरक सोळा बारांनंतर सेकंदाच्या सुमारे चार शतांशांइतका होतो आणि किकचा ठोका दुहेरी ऐकू येऊ लागतो. चौसष्ट बारांनंतर तो सतरा शतांशांवर जातो, म्हणजे पाव मात्रेच्याही पलीकडे. कान आधी फसतो आणि आपण दोष किकच्या आवाजाला देतो. मी त्या एका ट्रॅकसाठी अकरा वेगवेगळ्या किक बदलून पाहिल्या होत्या.

स्वर स्वतः वाजवून घेतले की ही अडचण उरत नाही, पण कोणता वेग धरायचा हा प्रश्न उरतो, आणि त्याचे उत्तर आपल्या शहरातल्या आठवणीत आहे. नव्वदच्या दशकात मुंबईत ज्या यंत्रांवर पिवळ्या कॅसेटी खुपसून मारिओ आणि कॉन्ट्रा खेळले गेले, ती बहुतेक निन्टेंडोच्या यंत्राची नक्कल होती, आणि आपले टीव्ही पाल पद्धतीचे, सेकंदाला ५० वेळा चित्र बदलणारे होते. ५० फ्रेमवर चालणाऱ्या अशा यंत्रात संगीताचा वेग सहाव्या भागाने कमी होतो, तर अनेक नकली यंत्रांत स्वरांची उंची मात्र जवळपास जागेवरच राहते. आता हिशेब करा: साठ फ्रेमवर १५० ने धावणारी धून पन्नास फ्रेमवर १२५ ने चालते. हाउस संगीताचा वेग साधारण १२० ते १३० असतो. अशी धून आपल्यापैकी अनेकांच्या कानात मुळातच नाचाच्या वेगाने बसलेली आहे. लॅमिंग्टन रोडवरून आणलेल्या जुन्या यंत्रावर मी हे स्वतः घड्याळ लावून मोजले, तेव्हा मूळ जपानी वेगाचा माझा हट्ट कायमचा सुटला. वेग वाढवण्याआधी तो कमी करून पाहा, हे माझे ठाम मत आहे.

दुसरी गोष्ट समेची, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेची, आणि ती वेगापेक्षाही महत्त्वाची आहे. नाचाचे संगीत आठ, सोळा आणि बत्तीस बारांच्या आवर्तनांत चालते. नाचणारा माणूस मोजत नाही, पण सम कधी येणार हे त्याच्या पायांना माहीत असते. गेमच्या संगीताला असे बंधन नसते. खेळाडू तासभर तेच ऐकणार असतो, म्हणून संगीतकार धुनेला सुरुवातीला एकदाच वाजणारा तुकडा जोडतो, शेवटी मागे वळायला शेपूट जोडतो, आणि लूप कधी बारा, कधी अठरा, कधी वीस बारांचा होतो. खेळताना हे सुंदर वाटते. त्याच्याखाली आठ-आठ बारांचा ठेका ठेवला की दोन्हींची सम वेगवेगळ्या जागी पडू लागते.

२०१४ साली दादरच्या एका कॉलेजच्या महोत्सवात मी असा अठरा बारांचा लूप तसाच वाजवला होता. पहिले आवर्तन उत्तम गेले. सोळा बारांनंतर ठेक्याच्या दुसऱ्या आवर्तनाचा क्रॅश (मोठ्या झांजेचा ठोका) पडला तेव्हा धून अजून शेपटीतच होती. पहिल्या रांगेतला एक मुलगा समेवर टाळी द्यायला दोन्ही हात डोक्यावर नेऊन तसाच थांबला, इकडेतिकडे पाहिले आणि हात खाली घेतले. त्याच्यामागची सगळी रांग थांबली. धून सगळ्यांना पाठ होती आणि नेमकी त्यामुळेच ती चुकीच्या जागी आल्याचे सगळ्यांना जाणवले. त्या रात्री घरी आल्यावर मी लूपमधली ती दोन बारांची शेपूट कापली आणि बाजूला ठेवली. पुढे तीच शेपूट मला ब्रेकडाऊननंतरच्या (ठेका थांबून धून मोकळी राहते त्या भागानंतरच्या) चढणीसाठी वापरता आली, कारण मागे ओढून नेणे हाच तिचा मूळ स्वभाव होता.

तेव्हा कोणताही आवाज निवडण्याआधी हे करा: धून साध्या पियानोच्या आवाजात लावा, हाताने टाळी देत बार मोजा आणि प्रत्येक आठव्या बारानंतर काय घडते ते कागदावर लिहा. अठरा बार असतील तर सोळावर आणा. बारा असतील तर शेवटचे चार पुन्हा घेऊन सोळा करा. वीस असतील तर चार काढा. चोवीसपर्यंत ताणू नका, धून पातळ होते. हा कागद पूर्ण झाल्याशिवाय सिंथ (आवाज बनवणारे वाद्य) उघडायचा नाही.

तीन मात्रांच्या धुना हे वेगळेच प्रकरण आहे. मारिओच्या पाण्याखालच्या पातळीची धून वॉल्ट्झ आहे, म्हणजे आपल्या कानाला दादऱ्याच्या जवळची, आणि किक हवी केहरव्यासारखी चारात. अनेक जण तीनावर चार तसेच सोडून देतात आणि त्याला प्रयोग म्हणतात. दोन्हींची सम दर बारा मात्रांनी जुळते खरी, पण नाचणाऱ्याला आठ बारांच्या टोकाला ती कधी मिळते तर कधी मिळत नाही. मी प्रत्येक बारातला पहिला स्वर दुप्पट लांब करून तीनाचे चार करतो. धुनेचा झोका थोडा जातो, पण ओळख जात नाही.

सा राखून ठेवणे

टेट्रिसच्या धुनेतला पहिला बार सरगममध्ये असा आहे: प– रेग म– गरे, यातला ग कोमल. पुढच्या बाराच्या पहिल्या मात्रेवर सा येतो. म्हणजे पूर्ण पहिला बार समेवरच्या त्या सा कडे ओढत नेतो. नवखा माणूस पूर्ण धून पहिल्या मिनिटातच वाजवून मोकळा होतो आणि मग त्याच्याकडे देण्यासारखे काही उरत नाही. फक्त हा पहिला बार घ्या. तो चार वेळा वाजवा, आठ वेळा वाजवा, फिल्टर हळूहळू उघडत न्या (म्हणजे दबलेला आवाज मोकळा होऊ द्या), खाली एकच कॉर्ड धरून ठेवा, आणि सा देऊ नका. शेवटच्या वेळी गरे नंतर एक क्षण सगळे थांबवा आणि सा किकसोबत समेवर टाका. तबलजी तिहाई घेऊन समेवर येतो तेव्हा बैठकीतल्या माना जशा हलतात, तसेच इथे पाय हलतात. संपूर्ण धून पाच मिनिटांच्या ट्रॅकमध्ये मी एकदाच वाजवतो, तिसऱ्या मिनिटाच्या आसपास.

कॉर्डही कमी करा. गेममधली धून एका बारात दोनदा कॉर्ड बदलू शकते. नाचात ते धावपळीचे वाटते, म्हणून ब्रेकडाऊनमध्ये सगळ्या कॉर्ड ठेवा आणि ड्रॉपमध्ये, म्हणजे ठेका पूर्ण जोराने परततो तिथे, दोन.

किक आणि बेस

निन्टेंडोच्या यंत्रातल्या ट्रँगल चॅनेलला आवाज लहान-मोठा करण्याची सोयच नव्हती, त्यामुळे त्याचा बेस सपाट असतो आणि किकला जागा देत नाही. तो स्वरांसाठी जरूर घ्या, पण खालचा भाग स्वतंत्र साइन लहरीने भरा आणि किकच्या प्रत्येक ठोक्याला तो साइडचेनने दाबा (किक वाजताच बेस आपोआप खाली जातो). ए मायनरमध्ये, म्हणजे ए हा सा धरला तर, किक ५५ हर्ट्झच्या ए स्वराला जुळवली की खाली चिखल होत नाही. मूळ पल्सचा आवाज मात्र फेकू नका. २५ टक्के ड्यूटीचा, म्हणजे ज्याची लहर एक चतुर्थांश वेळच वर राहते असा, तो नाकातला सूरच लोकांची आठवण जागी करतो. त्याच्यावर जाड रिव्हर्ब (घुमारा) चढवणे ही मला सर्वांत जास्त खटकणारी सवय आहे. तो कोरडा, मधोमध आणि जवळ ठेवा, रुंदी बाकीच्या सिंथना द्या.

हाय-हॅट (छोटी झांज), टाळी, राइझर (चढत जाणारा आवाज) नेहमीप्रमाणे. मूळ धून झुलती असेल, जशी मारिओची पहिली आहे, तर हाय-हॅटलाही तोच झोका द्या.

तपासणी

परळच्या माझ्या खोलीच्या भिंतींपलीकडे दोन्हीकडे शेजारी आहेत, त्यामुळे रात्रीचे मिक्सिंग हेडफोनवर होते आणि खालचा आवाज नेहमी चुकतो. म्हणून सकाळी तोच मिक्स दोन ठिकाणी ऐका: एकदा मोबाइलच्या उघड्या स्पीकरवर, जिथे बेस नसतानाही धून आणि टाळी यांची सम कळली पाहिजे, आणि एकदा मंडळाच्या किंवा ओळखीच्या साउंडवाल्याच्या मोठ्या स्पीकरवर, दिवसाउजेडी, परवानगी घेऊन. मोठ्या स्पीकरवर ऐकताना स्पीकरसमोर उभे राहू नका. मागे जा आणि चालत राहा. पाऊल कुठे चुकले तर तो बार लिहून ठेवा आणि घरी येऊन त्याचाच कागद पुन्हा काढा.

ट्रॅक दुसऱ्या कोणी वाजवणार असेल तर सुरुवातीला आणि शेवटी सोळा-सोळा बार फक्त ठेका ठेवा, फाइल डब्ल्यूएव्हीमध्ये ४४.१ किलोहर्ट्झवर काढा आणि नावातच १२५ हा वेग लिहा.