वरच्या मजल्यावर ड्रायर बसवताय? पाइप बाहेर काढताना या चुका टाळा

एप्रिल-मे मध्ये सोलापुरात ड्रायर कशाला पाहिजे असं कुणीही विचारेल, सकाळी दहाला दोरीवर टाकलेला टॉवेल जेवायच्या आत कडक होतो. पण श्रावण-भाद्रपदात झिमझिम लागली की आपले जाड टर्किश टॉवेल दोन-दोन दिवस ओलेच राहतात, वरून कुबट वास, त्यात आईच्या गुडघ्यांमुळे तिला गच्चीचा जिना चढणं जमेना म्हणून आम्ही पहिल्या मजल्यावर ड्रायर घेतला, पाइपाने हवा बाहेर टाकणारा. मशीन चांगली निघाली, चुकलो ते पाइपात.

गरम हवा वरच जाते म्हणून पाइप गच्चीवर काढू असं ठरलं. समोरच्या भिंतीला भोक नको, दिसायला वाईट दिसतं, हेही डोक्यात होतंच. तीन एल्बो (पाइप वळवायचे काटकोनी जोड), वर जवळजवळ १५ फूट पाइप, टोकाला कबुतरं शिरू नयेत म्हणून बारीक जाळी. पहिले दोन महिने मस्त. मग तासाचं काम अडीच तासांवर गेलं, कपडे हाताला गरम लागायचे पण जीन्सची कमर ओलीच. शेवटी खालचा एल्बो उघडला तर आत नमद्यासारखा जाड थर, करडा-गुलाबी, गुलाबी रंग आमच्या नव्या टॉवेलांचा, बोटांनी ओढला तर ओल्या लोकरीसारखा लांबच लांब निघत गेला. पाइप जितका लांब तितकी आतली वाफ गार होते, तिचं पाणी होतं, त्या पाण्याला कपड्यांचा तूस चिकटतो आणि उभ्या पाइपातून सगळं खालच्या एल्बोत येऊन बसतं. हा तूस वाळला की कापसासारखा पेट घेतो हो, फक्त वेळ आणि विजेचा प्रश्न नाही हा.

म्हणून पहिलं बघायचं ते अंतर. अमेरिकेतल्या बांधकाम नियमांत ४ इंची पाइपाला जास्तीत जास्त ३५ फूट धरतात आणि प्रत्येक काटकोनी एल्बोला त्यातून ५ फूट वजा करतात. आपल्या मशीनच्या पुस्तिकेत कमी लिहिलं असेल तर तेच धरा. आमचा पाइप या ३५ फुटांच्या हिशोबात बसत होता, तरी तुंबलाच, म्हणून जितका आखूड तितका बरा. मशीनच बाहेरच्या भिंतीला लावून ठेवली तर निम्मं काम तिथंच होतं, सरळ भोक, फुटभर-दोन फूट पाइप, बाहेरच्या बाजूला किंचित उतार. कोअर कटिंगवाला, म्हणजे मशीनने भिंतीत गोल भोक पाडणारा, सहज भोक पाडून देतो, फक्त बीम-कॉलमला हात लावू देऊ नका.

बाथरूमच्या डक्टमध्ये पाइप सोडणं ही सगळ्यात वाईट चूक. ती वाफ फिरून खालच्यांच्या खिडकीत जाते. दुसरा धोका गॅस गिझरचा, मग पाइप कुठूनही काढा. ड्रायर खोलीतली हवा ओढून बाहेर फेकतो, दारं-खिडक्या बंद असतील तर ती हवा कुठून तरी आत येणारच, मग गिझरचा धूर बाहेर जायच्या ऐवजी उलटा घरात येऊ शकतो, त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला वास नाही की रंग नाही. गिझर चालू असताना ड्रायर लावूच नका, आणि ड्रायरच्या खोलीची एक खिडकी उघडी ठेवा.

पाइपाचं बाहेरचं तोंड खिडकीपासून निदान ३ फूट लांब काढा, एसीच्या बाहेरच्या युनिटवर तर मुळीच नको, तूस त्याच्या पत्र्यांत जाऊन बसतो. जाळी लावू नका, उघडझाप करणारी झडप लावा. पाइप पत्र्याचा, आतून गुळगुळीत, जोडाला फॉइल टेप; स्क्रू मारला की त्याच्या टोकाला तूस अडकतो.

आधीच बसवलाय आणि कपडे ओले राहतायत? आधी फिल्टर साफ करा, मग मशीन चालू असताना बाहेर जाऊन झडपेपुढे हात धरा. हवा जोरात लागली पाहिजे. लागत नसेल तर विजेवरच्या मशीनचा मागचा पाइप काढून, खिडक्या उघडून एकदाच तेवढेच कपडे लावून बघा. वेळेत वाळले तर मशीनवाल्याला बोलवू नका, अडथळा पाइपात आहे, आधी सगळे एल्बो उघडा.

बाहेरची भिंत मिळतच नसेल, मध्येच कुठंतरी जागा असेल, तर कंडेन्सर किंवा हीट पंपवाली मशीन घ्या, महाग पडते पण तिला पाइपच लागत नाही, पाणी टाकीत साठतं. आमच्याकडे आता पूर्वेच्या भिंतीतून दीड फुटाचा पाइप आहे, एकही एल्बो नाही, आणि दर महिन्याला आईच झडप उचलून ब्रश फिरवते.