पाळीव उंदीर घेताय? या चुका टाळा, आणि पिंजरा हुंगायला शिका

पेट शॉपमध्ये ‘पांढरा उंदीर द्या’ म्हटलं की कधी रॅट मिळतो, कधी माऊस. मराठीत दोन्ही उंदीरच. पण माऊस मोठा होऊन ३० ग्रॅमच्या आसपास राहतो, तर रॅट २५० ते ५०० ग्रॅमचा होतो आणि दोन-अडीच वर्षं जगतो. रॅटच्या पिल्लाचं डोकं रुंद, शेपूट जाड आणि मागचे पंजे अंगाच्या मानाने मोठे दिसतात. इथलं सगळं रॅटबद्दल आहे. गटारात किंवा माळ्यावर सापडलेलं रानटी पिल्लू पाळायचा मोह मात्र टाळा. लेप्टोचे (उंदराच्या लघवीतून माणसाला होणाऱ्या तापाचे) जंतू बाळगणारा उंदीर वरून ठणठणीत दिसतो.

‘जोडी’चा घोळ

एकटा उंदीर घेणं ही चूक, आणि जोडी म्हणून नर-मादी घेणं ही तिच्याहून मोठी चूक. मादी पाच-सहा आठवड्यांची असतानाच गाभण राहू शकते. २१ ते २३ दिवसांत आठ-दहा पिल्लं होतात आणि विल्यानंतर चोवीस तासांच्या आत ती पुन्हा गाभण राहू शकते. म्हणून दोन नर घ्या नाहीतर दोन माद्या.

नर ओळखायला अवघड नाही. चार-पाच आठवड्यांनंतर वृषणं ठसठशीत दिसतात. गोम एवढीच, की घाबरलेला किंवा गारठलेला नर ती आत ओढून घेतो. त्यामुळे दुकानदाराने घाईत उलटं करून दाखवलेल्या ‘मादी’वर विश्वास ठेवू नका. पाच मिनिटं हातात शांत धरून पुन्हा बघा. सगळे एकत्र ठेवलेल्या पिंजऱ्यातली मादी आणली असेल, तर पुढचे तीन आठवडे ती गाभण आहे असं धरूनच चला.

घरात आधीचे उंदीर असतील तर नवा दोन आठवडे वेगळ्या खोलीत ठेवा. नंतर भेट घडवायची ती दोघांनाही अनोळखी जागी, उदाहरणार्थ कोरड्या बाथरूममध्ये. ढकलणं, उताणं पाडणं चालतं. केस पिंजारून एकजण आडवा सरकू लागला, म्हणजे खरं भांडण पेटणार, की मधे जाड टॉवेल टाका, हात घालू नका.

शिंक, लाल डोळे आणि अमोनिया

सगळ्यात जास्त उंदीर जातात ते श्वासाच्या आजाराने. ‘मायकोप्लाझ्मा पल्मोनिस’ हा जंतू बहुतेक पाळीव रॅटच्या अंगात असतोच. तो उचल खातो ते हवा खराब झाली की, आणि ती खराब करतो लघवीतून सुटणारा अमोनिया. उभं राहून वास येत नाही म्हणजे पिंजरा स्वच्छ, असं नाही. उंदीर जिथे झोपतो तिथे, तळाशी नाक नेऊन हुंगा. तुमचं नाक झिणझिणलं, तर तो त्याच हवेत चोवीस तास राहतोय.

इथे होणाऱ्या चुका ठरलेल्या आहेत. वखारीतला भुसा स्वस्त म्हणून घालतात, पण त्याची बारीक धूळ फुप्फुसात जाते, आणि चीड-देवदाराचा असेल तर त्यातली सुगंधी तेलंही बाधतात. त्याऐवजी कागदाच्या पट्ट्यांचा पाच सेंटीमीटर थर घाला. ओला कोपरा रोज काढा आणि तीन-चार दिवसांनी पूर्ण बदला. तळ पुसायला फिनेल नको. साधं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं पुरतं. बदलताना जुन्या कागदाची एक मूठ परत टाका, नाहीतर आपला वास गेला म्हणून ते त्याच रात्री सगळीकडे लघवी करून ठेवतात. माशांचा काचेचा टँकही नको, त्यात हवा खेळत नाही. पिंजरा स्वयंपाकघरात, देवघराजवळ किंवा मच्छर कॉइलपाशी ठेवू नका. मिरचीच्या फोडणीने आपल्याला ठसका लागतो. त्याचं फुप्फुस केवढं ते बघा.

नव्या घरात पहिला आठवडाभर थोडं शिंकणं चालतं. उंदीर उचलून त्याच्या पाठीला कान लावा. कट्-कट् किंवा घरघर ऐकू आली, किंवा श्वासागणिक कुशी आत ओढल्या जात असतील, तर त्याच दिवशी व्हेटकडे न्या. घरातली अँटिबायोटिकची गोळी चुरून देऊ नका, डोस ग्रॅमच्या हिशेबाने ठरतो. डोळ्या-नाकाभोवतीचा लाल डाग रक्त नसतो, ते पॉर्फिरिन, म्हणजे डोळ्यामागच्या ग्रंथीतून येणारा लालसर स्राव. झोपेतून उठल्यावर किंचित दिसलं तर ओल्या कापसाने पुसा. दिवसभर येत राहिलं, तर तो आजारी आहे किंवा ताणात आहे.

पिंजरा आणि उन्हाळा

पोपटाच्या पिंजऱ्याच्या जाळीच्या तळावर उंदराच्या टाचा सुजतात, लाल होतात, खपली धरते. जाळीवर पुठ्ठा किंवा फ्लीसचं कापड घाला. पिल्लांसाठी गजांतलं अंतर सव्वा सेंटीमीटरपेक्षा जास्त नको.

उंदराला आपल्यासारखा घाम येत नाही. अंगातली बरीच उष्णता शेपटीतून बाहेर पडते. तिशीच्या वर पारा गेला की तो मलूल होतो, त्यामुळे जळगाव-नागपूरचा मे महिना पंख्यावर निभत नाही. छोटं मातीचं मडकं बाहेरून ओलं करून पिंजऱ्यात आडवं ठेवा, शेजारी कापडात गुंडाळलेली बर्फाची बाटली. मुंबई-कोकणच्या दमट हवेत मडकं फारसं गार होत नाही. तिथे बाटली आणि फरशीचा तुकडा बरा. उंदीर सपाट पडला, लाळ गळू लागली, तर शेपूट आणि पंजे गार पाण्याने ओले करत व्हेटकडे निघा. बर्फाच्या पाण्यात बुडवू नका.

खाणं

मोठ्या उंदराला दिवसाला १५ ते २० ग्रॅम कोरडं खाणं पुरतं. हॅमस्टर मिक्समधल्या सूर्यफुलाच्या बिया तेवढ्या निवडून खातात आणि लठ्ठ होतात, म्हणून सगळे कण सारखे असलेले पेलेट्स घ्या. वर थोडी भाजी, शिजवलेली डाळ, अधूनमधून उकडलेल्या अंड्याचा तुकडा. कच्चा राजमा नको. नराला संत्र्याची साल किंवा रस नको, त्यातलं लिमोनीन त्याच्या किडनीला घातक. पीनट बटरचा गोळा तर कुणालाच देऊ नका. उंदराला उलटी करता येत नाही, अडकलं की अडकलं.

हात लावताना

शेपटीला धरून उचलू नका, कातडी मोज्यासारखी निघून येते. रोज उचलताना मादीच्या काखेत आणि पोटाखाली बोट फिरवा. स्तनाच्या गाठी माद्यांमध्ये फार होतात. वाटाण्याएवढी असताना शस्त्रक्रिया सोपी, लिंबाएवढी झाली की अवघड. उंदीर बघणारा व्हेट उंदीर आणण्याआधीच शोधून ठेवा, सगळे बघत नाहीत. दर रविवारी किचनच्या वजनकाट्यावर वजन करून वहीत लिहा. ३५० ग्रॅमचा ३१५ वर आला, तर तो खेळताना दिसत असला तरी फोन लावा.