लॉटरीचा नंबर ‘काढता’ येतो का? या चुका टाळा

गुजरातेत लॉटरीची तिकिटं विकली जात नाहीत. तरी बडोद्यातल्या मराठी घरांना हा विषय परका नाही. दांडिया बाजारातून, रावपुऱ्यातून कुणी मुंबईला नातेवाइकांकडे गेलं की येताना दोन-चार तिकिटं घेऊन येतं. हल्ली व्हॉट्सअ‍ॅपवर ‘पक्का नंबर’ देणारेही घराघरांत पोहोचले आहेत. प्रश्न सगळ्यांचा एकच: काही युक्ती करून शक्यता आपल्याकडे वळवता येते का? आपल्याकडच्या लॉटरीत नंबर आधीच छापलेले असतात आणि बक्षिसं ठरलेली असतात. अशा लॉटरीत ती वळवता येत नाही. का, ते नुसतं सांगून पटत नाही, म्हणून आधी हिशेब मांडू.

तिकिटाची खरी किंमत न काढणं

सगळ्या चुकांची सुरुवात इथे होते. पहिलं बक्षीस केवढं आहे ते सगळे बघतात, तिकिटं किती छापली आहेत ते कुणी बघत नाही. समजण्यासाठी एक काल्पनिक योजना घेऊ: तिकिटं १० लाख, प्रत्येकी ५० रुपये, म्हणजे जमा ५ कोटी. बक्षिसं अशी:

- १ कोटीचं एक
- १० लाखांची दोन
- ५,००० रुपयांची ५००
- १,००० रुपयांची ५,०००
- १०० रुपयांची ५०,०००

बेरीज होते २ कोटी ४५ लाख. तिला १० लाखांनी भागा. ५० रुपयांच्या तिकिटामागे सरासरी २४ रुपये ५० पैसे परत येतात. त्यातही मोठ्या बक्षिसांवर ३० टक्के आयकर आणि ४ टक्के उपकर, मिळून ३१.२ टक्के जातात. ते वजा केल्यावर तिकिटामागे उरतात सुमारे २० रुपये ७६ पैसे. एकूण उत्पन्न ५० लाखांच्या वर गेलं तर अधिभार वेगळा. वर्षभर न लागलेल्या तिकिटांचा खर्च या उत्पन्नातून वजा करता येत नाही, हे अनेकांना विवरणपत्र भरताना कळतं.

बाकीचे पैसे जातात कुठे? २२ सप्टेंबर २०२५ पासून लॉटरीवर ४० टक्के जीएसटी आहे आणि तो तिकिटाच्या किमतीतच धरलेला असतो. ५० रुपयांत तो साधारण १४ रुपये २९ पैसे होतो. शिवाय छपाई, विक्रेत्यांचं कमिशन आणि सरकारचा वाटा. कुठलीही योजना हातात आली की तिच्या बक्षिसांच्या तक्त्यावर हाच भागाकार करा. पाच मिनिटांचं काम आहे, आणि पुढच्या सगळ्या युक्त्या याच आकड्यावर तपासायच्या आहेत.

‘काही ना काही लागतंच’ असं मानणं

वरच्या योजनेत ५५,५०३ बक्षिसं आहेत, म्हणजे साधारण १८ तिकिटांत एक. ऐकायला बरं वाटतं. पण त्यांतली ५०,००० फक्त १०० रुपयांची आहेत. १८ तिकिटांना ९०० रुपये घालून हाती बहुतेक वेळा १०० रुपयेच येतात. अधूनमधून लागणारी ही छोटी बक्षिसं माणसाला ‘आपण जवळ आलो’ असं वाटायला लावतात. एका आकड्याने हुकलेलं तिकीट आणि सगळे आकडे चुकलेलं तिकीट, दोन्ही पुढच्या सोडतीसाठी अगदी सारखीच निरुपयोगी.

आता चिकाटीचा हिशेब. दर आठवड्याला दहा तिकिटं, सलग ४० वर्षं: २०,८०० तिकिटं, १० लाख ४० हजार रुपये. एवढं करून पहिलं बक्षीस एकदा तरी लागण्याची शक्यता सुमारे २ टक्के.

जुन्या निकालांचे चार्ट वाचणं

‘हा आकडा तीन महिने आलेला नाही, आता येणारच’ आणि ‘हा सारखा येतोय, यावरच लावा’ ही दोन उलट वाक्यं एकाच चार्टवरून काढली जातात, यातच त्या चार्टची योग्यता कळते. सोडतीच्या यंत्राला मागची सोडत आठवत नाही. दर वेळी सगळे आकडे पहिल्यासारखेच मैदानात असतात. बल्गेरियात ६ सप्टेंबर २००९ रोजी ४, १५, २३, २४, ३५, ४२ हे आकडे निघाले, आणि १० सप्टेंबरच्या लगेचच्या सोडतीत तेच सहा पुन्हा निघाले. चौकशी झाली, गैरप्रकार सापडला नाही. आलेला आकडा ‘संपतो’ असं मानणाऱ्याने हे उदाहरण लक्षात ठेवावं.

स्वप्नातला आकडा, गाडीचा नंबर, पत्रिकेतला अंक यांचंही तेच. छापील तिकिटात प्रत्येक नंबर एकदाच असतो आणि प्रत्येकाची शक्यता १० लाखांत एकच.

एकाच शेवटाचा ‘सेट’ घेणं

ही चूक जाणकार म्हणवणारेही करतात, म्हणून जरा सावकाश पाहू. केरळसारख्या लॉटरीत छोटी बक्षिसं शेवटच्या चार आकड्यांवर ठरतात, मग सिरीज (नंबराआधीची अक्षरं) कुठलीही असो. आपल्या योजनेत १,००० रुपयांची ५,००० बक्षिसं म्हणजे १०,००० शेवटांपैकी ५० शेवट. एकाच शेवटाची बारा तिकिटं घेतलीत तर २०० त एक शक्यता, आणि लागलं तर १२,००० रुपये. बारा वेगवेगळे शेवट घेतलेत तर साधारण ६ टक्के शक्यता, आणि लागलं तर बहुधा १,०००. या बक्षिसापुरती सरासरी दोन्हीकडे ६० रुपयेच. सेट घेतल्याने फायदा वाढत नाही, फक्त रिकाम्या हाताने परतण्याचे आठवडे वाढतात. तिकिटं घ्यायचीच असतील तर शेवट वेगळे ठेवा. ‘सेट पक्का’ म्हणून कुणी जास्त दर मागितला तर देऊ नका.

हरल्यावर तिकिटं दुप्पट करणं

पहिल्या आठवड्याला एक, मग दोन, मग चार. दहाव्या आठवड्याअखेर १,०२३ तिकिटं आणि ५१,१५० रुपये जातात. सरासरी परतावा, कर न धरता, सुमारे २५ हजार. दुप्पट करण्याने रुपयामागचे ४९ पैसे ५० होत नाहीत. तोटा त्याच दराने, पण वेगाने होतो. सात-आठजणांनी मिळून पैसे काढण्यातही शक्यता जेवढी वाढते तेवढेच वाटेकरी वाढतात. तसं करणार असाल तर वर्गणी, नावं आणि तिकिटांचे नंबर सोडतीआधी कागदावर लिहून सर्वांच्या सह्या घ्या.

परदेशातली उदाहरणं इथे लावणं

‘गणितज्ञांनी लॉटरी हरवली’ हे खोटं नाही, पण त्यांनी काय हरवलं ते नीट पाहायला हवं. १९९२ साली अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यात स्टीफन मँडेल यांच्या गटाने ४४ आकड्यांतून ६ निवडायच्या लॉटरीवर हल्ला चढवला. सगळे मिळून ७०,५९,०५२ संच, तिकीट १ डॉलर, आणि न लागता साचत गेलेलं बक्षीस सुमारे २ कोटी ७० लाख डॉलर. वेळेअभावी त्यांना ५० लाखांच्या आसपासच संच घेता आले, तरी विजयी संच त्यांत निघाला. मॅसॅच्युसेट्सच्या कॅश विनफॉलमध्ये बक्षीस २० लाख डॉलरच्या पुढे जाऊन कुणालाच लागलं नाही की ती रक्कम खालच्या बक्षिसांत वाटली जाई. तेवढ्या सोडतींपुरतं तिकीट किमतीपेक्षा मोलाचं होई. विद्यार्थ्यांच्या आणि निवृत्तांच्या गटांनी ते ओळखून घाऊक खरेदी केली. २०१२ मध्ये तो खेळ बंद झाला.

दोन्हीकडे सोडत कुणी ओळखली नाही. योजनेच्या हिशेबातली फट ओळखली. ती फट साचत जाणाऱ्या बक्षिसामुळे पडते. आपल्या उदाहरणात बक्षीस साचतच नाही: सगळी १० लाख तिकिटं एकट्याने घेतलीत तर ५ कोटी जातील आणि २ कोटी ४५ लाख येतील.

आकडे स्वतः निवडायच्या खेळात मात्र एक गोष्ट हातात असते: बक्षीस किती जणांत वाटलं जाईल. वाढदिवसाचे म्हणून १ ते ३१ मधले आकडे बरेचजण घेतात. पण ३१ च्या वरचे घेतले की झालं, असंही नाही. ब्रिटनमध्ये १४ जानेवारी १९९५ रोजी ७, १७, २३, ३२, ३८, ४२ निघाले आणि पहिलं बक्षीस १३३ जणांत वाटलं गेलं. हे आकडे स्लिपच्या मधल्या उभ्या रांगांत होते, आणि लोक रांगा, आकृत्या पाहून खुणा करतात. आकडे विस्कळीत निवडल्याने लागण्याची शक्यता वाढत नाही, वाटेकरी कमी होऊ शकतात.

शक्यता शून्य असलेलं तिकीट घेणं

बडोद्यात बसून होणारं सगळ्यात मोठं नुकसान इथे आहे. तिकिटाचा फोटो पाठवून ‘तुमचं तिकीट आमच्याकडे सुरक्षित आहे’ म्हणणाऱ्याकडे तोच फोटो आणखी शंभरजणांना पाठवण्याची सोय असते. बक्षीस मिळतं ते मूळ कागदी तिकिटावर. केरळ लॉटरीची तर ऑनलाइन विक्रीच होत नाही.

लॉटरी सरकारी आहे का, हे १९९८ च्या लॉटरी कायद्यावरून तपासा. त्यानुसार एका लॉटरीची आठवड्यातून एकापेक्षा जास्त सोडत काढता येत नाही, एकेरी आकड्यावर बक्षीस ठेवता येत नाही, आणि तिकिटावर राज्याचं नाव व बोधचिन्ह लागतं. दर पंधरा मिनिटांनी एकेरी आकडा काढणारा खेळ म्हणजे सरळ मटका. परदेशी लॉटरीचं तिकीट घेण्यासाठी भारतातून पैसे पाठवायला परकीय चलन नियमांची मनाई आहे.

‘२५ लाख लागले, आधी कर भरा’ असा फोन आला तर ठेवून द्या. खरा कर बक्षिसातूनच कापला जातो, आधी मागितला जात नाही. पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा आणि व्यवहाराचा क्रमांक हाताशी ठेवा. रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवता आली तरच परत मिळण्याची आशा असते.

खरं तिकीट हातात असेल तर मागच्या बाजूला सही, नाव, पत्ता आजच लिहा. दोन्ही बाजूंची झेरॉक्स काढा. निकाल सरकारी संकेतस्थळावरच ताडून पाहा. दाव्याची मुदत मागे छापलेली असते. केरळात ती सोडतीपासून ३० दिवस आहे, आणि बडोद्याहून तिथे कागद पोहोचायला लागणारे दिवस त्यातूनच जातात.