धावताना पाठीवरची बॅग उसळू नये म्हणून

पाणी घेऊन धावताना साधी सॅक प्रत्येक पावलाला उसळते, खांद्यांना काचते आणि हात मोकळे हलू देत नाही. मात्र पारा चाळिशीपार जाणाऱ्या मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पाणी घरी ठेवून दौलताबादच्या चढाकडे निघणे शहाणपणाचे नसल्याने उपाय सॅकमध्येच करावा लागतो.

१. दोन्ही खांदापट्ट्यांना जोडणारा आडवा पट्टा शिंप्याकडून छातीच्या वरच्या भागावर येईल असा शिवून घ्यावा आणि त्याच्या मध्यभागी बोटभर लांबीचे रुंद इलॅस्टिक बसवावे, म्हणजे दीर्घ श्वासाला छाती फुगली तरी पट्टा आवळत नाही आणि श्वास सोडल्यावर सैलही पडत नाही. शिलाई दुहेरी असावी, कारण इलॅस्टिक जोडाशीच आधी उसवते.

२. सॅकच्या तळाशी जुन्या टॉवेलची घट्ट घडी ठेवून पाणी तिच्यावर ठेवावे. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो असते. ते कमरेवर लोंबण्यापेक्षा खांद्यांच्या पात्यांमध्ये, पाठीला लागून बसलेले बरे.

३. पाणी पिण्यासाठी नळी जोडलेली पिशवी सॅकमध्ये असल्यास ती भरून उलटी धरावी व नळीतून आतली हवा ओढून घ्यावी. डचमळण्याचा आवाज बहुतांशी थांबतो.

निघण्यापूर्वी अंगणात चार उड्या मारून पाहाव्यात. पट्ट्याखाली दोन बोटे सहज सरकली पाहिजेत. त्याहून घट्ट बांधल्यास चढावर श्वास अडतो आणि घामाने भिजलेली कातडी सोलवटते.