अर्धीच तार खरवडा

पुण्यात नाना पेठेत आमचं मोटार वाइंडिंगचं छोटं दुकान आहे. जळलेले पंप, मिक्सर, कूलर, तीस वर्षं हेच चाललंय. नात दहावीला. "आबा, प्रकल्पाला विद्युत चलित्र करायचंय," म्हणाली, म्हणजे आपली मोटारच, तेव्हा मी म्हटलं, त्यात काय, चहा होईस्तोवर करू. चहा झाला, जेवणं झाली, मोटार ढिम्म. का ते पुढे सांगतो.

सामान थोडंच लागतं: टॉर्चचा मोठा दीड व्होल्टचा सेल, दोन स्टीलच्या सेफ्टी पिना (रंगवलेल्या नकोत, रंगातून करंट जात नाही), एक-दोन गोल चुंबकं, सायकलच्या जुन्या ट्यूबची कापलेली पट्टी आणि २४ किंवा २६ गेज जाडीची वाइंडिंगची तार, दीड मीटर. विजेच्या सामानाच्या तपकीर गल्लीत सगळं मिळतं, पण तार तिथं वजनावर. एवढ्याशा तुकड्यासाठी जवळच्या वाइंडिंगवाल्याकडे जा. पोराला प्रकल्पाला हवीय म्हटलं की पैसे कोणी घेत नाही.

फेविस्टिकच्या नळीवर तारेचे दहा-बारा वेढे द्या. दोन्ही टोकं पाच-पाच सेंटिमीटर मोकळी सोडा, समोरासमोर आणा आणि वेढ्यांभोवती दोनदा गुंडाळून गाठ मारा. दोन्ही टोकं एका रेषेत हवीत. इथं कंटाळा करू नका. टोक जरा वाकडं असलं की कॉइल, म्हणजे हे वेटोळं, एका बाजूला जड होते आणि गचके खाते.

आता खरवडणं. या तारेवर वार्निशचा पातळ थर असतो आणि त्याचा रंगही तांब्यासारखाच, त्यामुळे पोरांना तार उघडीच वाटते. एक टोक पॉलिश पेपरने सगळीकडून घासा. खरं तांबं गुलाबीसर चकाकतं, ते दिसेपर्यंत. दुसऱ्या टोकासाठी कॉइल टेबलाच्या कडेला उभी धरा, तार टेबलावर टेकवा आणि फक्त वरची बाजू घासा. खालच्या अर्ध्या भागावर वार्निश राहिलंच पाहिजे. कॉइल आडवी धरून घासलीत तर करंट नेमका चुकीच्या वेळी मिळतो.

मी तिथंच फसलो. दुकानात सोल्डर करायच्या आधी तार गोल साफ करायची, ही हाताची सवय. दोन्ही टोकं चकाचक केली आणि कॉइल नुसती डुलत राहिली. नातीनं पुस्तक पुढ्यात ठेवलं. करंट चालू असताना चुंबक कॉइलच्या एका बाजूला पुढे ढकलतं, दुसरीला मागे. अर्धा फेरा झाला की बाजू बदलतात आणि तेच बळ कॉइलला उलटं फिरवायला बघतं. खऱ्या मोटारीत कम्युटेटर त्या क्षणी करंटची दिशा पालटतो. आपल्याकडे कम्युटेटर नाही, म्हणून अर्धा फेरा करंट तोडायचा; तेवढा फेरा कॉइल आपल्या वेगानंच काढते. तीस वर्षं कम्युटेटर साफ करणाऱ्या माणसाला हे पोरीनं सांगावं!

जोडणी सोपी. आडव्या सेलच्या दोन्ही टोकांना एकेक पीन उभी लावून वरून ट्यूबची पट्टी घट्ट ओढा. पिनांची वेटोळी वर हवीत, त्यांत तारेची टोकं जातील. चुंबक सेलच्या पाठीवर कॉइलखाली ठेवा. सेलचा पत्रा त्याला धरून ठेवतो. कॉइल चुंबकाला घासू नये, पण फार उंचही नको. मग बोटानं हलकी टिचकी मारा, ही मोटार स्वतःहून सुरू होईलच असं नाही. एका दिशेनं नाही फिरली तर दुसऱ्या दिशेनं मारून बघा.

परीक्षक हमखास विचारतात, उलटी कशी फिरवाल? चुंबक पालथं करा, किंवा सेल उलटा करा. दोन्ही एकदम केलंत तर दिशा होती तीच राहते. हे तिथं करूनच दाखवा.

घरातल्या प्लगला हे कधीही जोडायचं नाही. कॉइल अडकून थांबली तर लगेच काढा. तार जाड नि आखूड, सेल जवळजवळ शॉर्टच होतो आणि हाताला गरम लागतो. प्रदर्शनाला दोन नवे सेल न्या, आणि खिशात पॉलिश पेपरचा तुकडा. ठिणग्यांनी टोक काळं पडतं आणि तासाभरात मोटार रुसते.